अंगण कोणाच्या वाट्याला?

गेल्या हिवाळ्यात घरभेटींच्या निमित्ताने आम्ही परभणी तालुक्यातील एका कुटुंबाकडे गेलो होतो. घरातली तिन्ही मुले घरीच शिकतात. थोरली मुलगी अकरा वर्षांची, मधला मुलगा आठ वर्षांचा, धाकटा चार वर्षांचा. भिंतीवर, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली, आईने स्वहस्ते आखलेले वेळापत्रक लावलेले होते. तीन मुलांचे तीन रकाने. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत गणित, मराठी, इंग्रजी, विज्ञान. आणि सायंकाळी पाच ते सहा या वेळेत दोन रकान्यांत एकच शब्द : 'खेळ'. थोरलीच्या रकान्यात मात्र त्याच वेळेपुढे लिहिले होते, 'बाळाला सांभाळणे'. आम्ही तिला विचारले, "तू काय खेळतेस गं?" तिने आईकडे पाहिले. आई हसून म्हणाली, "तिला कुठला येळ, फादर? ती तर आता मोठी झाली."

ती माउली कष्टाळू आहे आणि तिच्या कष्टांविषयी आम्हांला मनापासून आदर आहे. तरीही त्या वेळापत्रकात जे दिसले ते बोलून दाखवल्यावाचून राहवत नाही. मुलांना घरी शिकवणारे पालक आमच्याकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात : अभ्यासाला किती वेळ द्यावा आणि बाहेर किती वेळ सोडावे? आमचे स्पष्ट मत असे की हा प्रश्न अपुरा आहे. वेगवेगळ्या वयांची मुले जिथे एका छपराखाली शिकतात तिथे पुस्तक आणि अंगण यांचा तोल पाहण्याआधी भावंडाभावंडांतला तोल पाहावा लागतो. एकाचे अंगण दुसऱ्याच्या चाकरीवर उभे असेल तर हिशेबात कुठेतरी तूट आहे; आणि आमच्या अनुभवाप्रमाणे ती तूट बहुतेक घरांत थोरल्या मुलीच्या नावावर मांडलेली असते.

घरी शिकवण्याचा हा प्रकार आमच्या भागात आला कसा, हे आधी सांगितले पाहिजे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग पुन्हा नियमित भरू लागायला ऑक्टोबर २०२१ उजाडला आणि पहिली ते चौथीच्या मुलांना तर डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या काळात प्रत्येक घर ही एक शाळा झाली होती. शिक्षकाविना, फळ्याविना आणि बहुतेक ठिकाणी तीन मुलांत एका मोबाइलवर चालणारी. शाळा उघडल्यावर बहुतेक मुले परत गेली. काही मोजकी कुटुंबे मात्र परत वळली नाहीत. कोणाला शाळेचे अंतर नडले, कोणाची सारखी बदली होते, कोणाला वाटले की आपण जे शिकवले तेच बरे होते.

या निर्णयावर आम्ही इथे खल करणार नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ मधील दहाव्या कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य सांगितले आहे. ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. पुढे दहावीसाठी सतरा नंबरचा अर्ज आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे. आणि आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक, हे तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणविषयक घोषणापत्रात स्वच्छ सांगून ठेवले आहे. परंतु पहिला शिक्षक होणे हा अधिकार आहे तशीच ती जबाबदारीही आहे. आणि जबाबदारी म्हटली की जाब आला.

या जाबाची दोन उत्तरे आम्हांला नेहमी ऐकू येतात. दोन्ही आम्हांला अमान्य आहेत.

पहिले उत्तर देणारे म्हणतात, शाळेत सहा तास बसवतात, मग घरी त्याहून कमी बसवून कसे चालेल? त्यांच्या लेखी अंगण हे बक्षीस आहे. गणित पुरे झाले तर मिळायचे, नाही झाले तर कापायचे. या मंडळींनी एकदा कायद्याचेच आकडे पाहावेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास. म्हणजे लहानांना दिवसाला चार तास आणि मोठ्यांना साधारण साडेचार. तेही तीस मुलांचा वर्ग गृहीत धरून. हजेरी घ्यायची, गलका थांबवायचा, वह्या वाटायच्या, मागे पडलेल्यासाठी थांबायचे. घरात समोर दोन-तीनच मुले असताना आठ वर्षांच्या मुलाला सहा तास जखडून ठेवण्यात आपण काय कमावतो? तो दोन तास शिकतो आणि उरलेले चार तास शिकत असल्याचे सोंग करायला शिकतो.

शिवाय अंगण हे बक्षीस नसून शरीराची गरज आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी एक तास तरी दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीन-चार वर्षांच्या बालकांसाठी तर ती दिवसभरात मिळून तीन तासांची हालचाल सांगते. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे अधिक मोकळ्या उजेडात नेण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना दूरचे अंधुक दिसू लागले होते. नेहमीप्रमाणे शिकणाऱ्या मुलांत हे प्रमाण जवळजवळ ४० टक्के होते. मुलाच्या डोळ्यांना चष्मा लागू नये म्हणून गाजर किसणाऱ्या मातांनी हेही ध्यानात घ्यावे.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट टोकाचे. निसर्ग हाच गुरू, मुलांना मोकळे सोडा, ती आपोआप शिकतात, असे सांगणारी सुशिक्षित मंडळी आता आमच्याकडेही भेटतात. त्यांना आम्ही आमच्याच जिल्ह्यातला दाखला देतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांच्याबरोबर गेलेली मुले पाच-सहा महिने उसाच्या फडात, कोपीत, बैलगाडीवर असतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत ती उघड्यावरच असतात. उघड्यावर असणे म्हणजेच शिकणे असते तर या मुलांइतकी विद्वान मुले महाराष्ट्रात दुसरी निघाली नसती. त्यांच्यासाठी साखरशाळा काढाव्या लागल्या आणि गावी मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहे चालवावी लागली, त्या अर्थी आभाळ एकटे शिकवत नाही हे उघड आहे. मुलाला बाहेर नेणारे, त्याच्या प्रश्नापाशी थांबणारे आणि घरी आल्यावर दोन ओळी लिहवून घेणारे माणूस लागते. आणि फडावरच्या कोपीत धाकट्याला राखत कोण बसलेले असते? तिथेही थोरली बहीणच.

मग करावे काय? टीका करणाराने वाटही दाखवावी, हा आक्षेप रास्त आहे.

वेगवेगळ्या वयांच्या मुलांना एकाच वेळी कसे शिकवावे, हे विचारायला परदेशी पुस्तकांकडे धावण्याचे कारण नाही. आमच्या वाड्यावस्त्यांवरील जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बसावे. साठपर्यंत पट असेल तर पाच इयत्तांना दोनच शिक्षक, असे कायद्याचेच प्रमाण आहे. ते शिक्षक काय करतात? एका इयत्तेला समोर बसवून नवे शिकवतात, दुसरीला सोडवायला उदाहरणे देतात, तिसरीला वाचायला पुस्तक देतात आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पाळी बदलतात. घरातही हेच करता येते. आईने आधी चार वर्षांच्या धाकट्याजवळ दहा मिनिटे बसावे. गोष्ट सांगावी, चिंचोके मोजवावेत. ज्याला आईची ऊब आधी मिळाली तो नंतर कमी त्रास देतो. मग आठ वर्षांच्या मुलाला वीस मिनिटे. त्या वेळी थोरलीने स्वतः वाचावे. मग थोरलीला सलग अर्धा तास. या अर्ध्या तासात धाकटा तिच्या मांडीवर नसावा, एवढी एकच अट आम्ही घालतो.

धडा आखूड असावा हे जुने शहाणपण आहे. इंग्लंडमध्ये घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी आयुष्यभर लिहिणाऱ्या शार्लट मेसन या बाईंनी १८८६ सालीच हे मांडले. लहान मुलाचा धडा वीस मिनिटांच्या पलीकडे जाऊ नये आणि बऱ्यापैकी हवा असलेल्या दिवशी मुलांनी चार ते सहा तास बाहेर असावे, असा त्यांचा आग्रह होता. आखूड धड्याचे त्यांचे सूत्र आम्हांला मान्य आहे. पण त्यांचे पंचांग जसेच्या तसे इथे आणता येणार नाही. एप्रिल ते ऑक्टोबर हा त्यांचा बाहेर राहण्याचा काळ. आमच्या परभणीत एप्रिल-मेच्या दुपारी कुत्रेसुद्धा सावली सोडत नाही.

तेव्हा आपले वेळापत्रक आपल्या ऋतूंप्रमाणे आखावे. मार्चअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत सूर्योदयापासून साडेआठपर्यंतचा वेळ बाहेरचा. पुस्तके दुपारची, जाड भिंतीच्या आड. आणि पुन्हा ऊन कलल्यावर बाहेर. पावसाळ्यात घड्याळ बाजूला ठेवावे. उघाड पडली की पुस्तक मिटावे, सर आली की उघडावे. काळ्या मातीचा चिखल पायाला चिकटेल तो धुता येतो. मात्र सोयाबीन गुडघ्याला लागले की बांधावर मोठ्या माणसावाचून मुलांना पाठवू नये, साप-विंचवाचे दिवस असतात. हिवाळा हे तर आपले वैभव. ज्वारी हुरड्यात येते तेव्हा दुपारचे सगळे धडे अंगणात, उन्हाला पाठ देऊन घेता येतात. वर्षभर एकच वेळापत्रक भिंतीला चिकटवून ठेवणे हा कागदाचा मान झाला, मुलांचा नव्हे.

बाहेर गेल्यावर तीन वयांना तीन वाटांनी न्यावे लागत नाही. धडे वेगवेगळे घ्यावेत, अंगण मात्र एकच असावे. एका लिंबाखाली तिघांनाही काम असते. धाकट्याने लिंबोळ्या वेचाव्या. मधल्याने त्यांचे दहा-दहाचे ढीग करून एकूण सांगावी. थोरलीने खांबाची सावली तासातासाला खुणेने मांडून तिची लांबी वहीत उतरवावी. परभणी साधारण एकोणीस अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर एका माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी तिघांनाही पाच मिनिटे उन्हात उभे करावे. धाकटा सावली शोधत बसेल, मधला 'का?' म्हणून विचारील आणि थोरलीने महिनाभर वही ठेवली असेल तर उत्तर तीच देईल. ज्वारीच्या वावरात गेलात तर 'परभणी मोती' हे वाण आपल्याच कृषी विद्यापीठाने दिले, हेही तिला सांगा. १९७२ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आपल्या जिल्ह्यात आहे आणि आपली मुले मात्र पिकांची नावे इंग्रजी तक्त्यावरून पाठ करतात, याची आम्हांला खंत वाटते.

इथवर वाचून पुष्कळ पालक माना डोलावतील. आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. कदाचित इथे माना थांबतील.

वर सांगितलेली सारी व्यवस्था एका क्षणात मोडते. धाकटा रडतो, आई चुलीपाशी असते आणि हाक जाते ती थोरलीला. तिचा अर्धा तास गेला. पाचला मुले बाहेर पडतात. धाकट्याला कडेवर घेऊन ती ओट्यावर बसते. तिचे अंगणही गेले. घरी शिकवल्याने मुलींना संरक्षण मिळते, असे अभिमानाने सांगणाऱ्या बापांना आम्ही विचारतो : शाळेत असताना तुमच्या मुलीला मधल्या सुट्टीत लंगडी खेळायला तरी मिळत होती, घरी आणून तुम्ही तिची तीही सुट्टी काढून घेतली नाही ना? तिला एक विनापगारी दाई आणि विनापगारी शिक्षिका करून ठेवले नाही ना?

हा प्रश्न आम्ही नव्याने काढलेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले गुरांमागे रानात असत, म्हणून त्यांनी शाळाच रानात नेली. तिला कुरणशाळा म्हणत. अंगण आणि अभ्यास यांच्या भांडणाचा असा निकाल महाराष्ट्राने त्या काळी पाहिला. पण त्याहूनही मोलाची गोष्ट दुसरी. मुली शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर त्यांना घराघरांत सापडले : मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे होती. तेव्हा त्या मुलींना उपदेश करत बसल्या नाहीत. त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. भावंड आधी कडेवरून उतरवले, मग मुलीच्या हाती पाटी दिली. हा क्रम आजही तोच राहिला पाहिजे.

कोणी म्हणेल, घर म्हटले की एकमेकांना सांभाळणे आलेच. त्यातून मुलगी माया शिकते, ख्रिस्ती सेवाभाव शिकते. हे आम्हांला मान्य आहे. भावंडाला सांभाळण्यात मोठे शिक्षण आहे. मग ते आठ वर्षांच्या मुलाला का नको? सेवाभाव हा सद्गुण असेल तर तो मुलग्याच्याही आत्म्याला हितकारक असला पाहिजे. सोमवारी ताईने बाळाला पाहावे, मंगळवारी दादाने, बुधवारी कामावरून आलेल्या बापाने. ज्या घरात सेवा एकाच लेकराच्या वाट्याला येते त्या घरात बाकीची लेकरे सेवा करून घ्यायला शिकतात. त्यांचा संसार पुढे कोणाच्या मुलीबरोबर व्हायचा आहे, याचाही विचार व्हावा.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक. मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की तिला बाहेर कसे सोडावे, काळ वाईट आहे, असे आया हळू आवाजात सांगतात. त्यांची काळजी खोटी नाही. पण लूकच्या शुभवर्तमानातील प्रसंग आठवावा. येशू बारा वर्षांचा असताना मरिया आणि योसेफ यरुशलेमहून परतीला लागले. तो नात्यागोत्यातल्या कोणाबरोबर असेल असे धरून ते एक दिवसाची वाट चालून गेले. ही त्यांची बेफिकिरी नव्हती. सोबत चालणारा सगळा तांडा आपल्या लेकराचा आहे, एवढा भरवसा त्यांना होता. आपल्या मुलींना बाहेर सोडण्याची भीती वाटते ती तो तांडा विस्कटला म्हणून. मुलीला घरात कोंडल्याने तो परत जमणार नाही; आपण मोठ्यांनी बाहेर येऊन बसलो तर जमेल.

आणि इथे दोष आमचाही आहे, तो कबूल केल्यावाचून हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आमच्या चर्चचे आवार मोठे आहे. दोन चिंचा आहेत, एक लिंब आहे, कुंपण आहे. वर्षानुवर्षे आम्ही त्याच्या फाटकाला सायंकाळी पाच वाजता कुलूप लावत आलो. कुंड्या फुटतात, भिंती खराब होतात म्हणून. रविवारी मुलांना बोलावले तेही बंद खोलीत धर्मशिक्षणाच्या बाकांवर बसवायला. पेरणारा, रानातली फुले, आकाशातली पाखरे यांचे दाखले आम्ही पंख्याखाली शिकवले. पालकांच्या भिंतीवरचे वेळापत्रक वाचताना आम्हांला आमचे कुलूप आठवत होते.

या पास्खापासून ते कुलूप काढले आहे. रोज ऊन कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत फाटक उघडे असते. पाळीपाळीने एक वडीलधारी बाई किंवा गृहस्थ तिथे बसतात आणि पाच वर्षांखालच्या मुलांकडे लक्ष देतात. मुलांना कोणाचा धर्म विचारत नाहीत; शेजारच्या गल्लीतली मुलेही येतात. आम्ही स्वतः आठवड्यातून दोन दिवस बसतो. पहिल्या आठवड्यात थोरल्या मुली भावंडांना घेऊन चिंचेच्या कडेकडेने उभ्या राहत. बाळ कोणाच्या हाती द्यावे आणि दिल्यावर आपल्या मोकळ्या हातांचे काय करावे, हे त्यांना कळत नव्हते. आता लगोरीचे दगड त्याच रचतात.

त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या घरी आम्ही पुन्हा गेलो. वेळापत्रक बदलले आहे असे सांगता आले असते तर लेखाला शोभले असते; पण ते अजून तसेच आहे. तिचे वडील म्हणाले, विचार करतो. तेव्हा या लेखाच्या वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. आपली मुले घरी शिकत असोत वा शाळेत, आज रात्री एक कागद घ्यावा, प्रत्येक मुलाच्या नावाचा रकाना आखावा आणि कालच्या दिवसात कोण किती वेळ अंगणात होते ते खरेखरे लिहावे. एखादा रकाना कोरा राहिला तर मुलीची समजूत घालू नये. उद्या सायंकाळी पाच वाजता धाकट्याला आपण स्वतः उचलून घ्यावे.